टेकडीचा वाटा

२ जानेवारी १९७३
काष्टीच्या बाजारात पाटी मांडून बसणारा मी, आज धरणातल्या मासळीचा ठेकेदार! काठावरची खोली ऐसपैस आहे. होडीवाला एलिया थट्टेखोर. त्याची बायको राहीबाई भाकरी पोचवते. पाण्यातल्या टेकडीवर आज एलियानं मासळीची पहिली पाटी ओतली. त्याच्या आज्याच्या काळी धरण भरलं, तेव्हा वर अडकलेल्या शेळ्यांचा हा वाटा म्हणे. त्यांची औलाद तिथंच वाढून खुजी झालीय, सशाहून जरा मोठी. चारा पुरेना म्हणून मासे खायला शिकली. माणसाला बुजत नाही. माझे कान तिखट. एकही शेळी ओरडली नाही. एलिया म्हणाला, हाक कुनाला मारायची, शेठ? समदं गोत नजरंम्होरं हाय.

११ फेब्रुवारी
दुष्काळानं पाणी आटतंय, जाळी हलकी येतात. वाटा बंद केला. हसत म्हणालो, त्या काय माझ्या सोयऱ्या? एलिया म्हणाला, सोयरा उपाशी ऱ्हायला तर रुसतो, शेठ. ह्या रुसायच्या न्हाईत.

१९ फेब्रुवारी
एलिया दुपारी स्वतःच्या वाटणीची मासळी घेऊन टेकडीवर गेला. मी रागात काठावर जाळं शिवत बसलो. पलीकडून हाक आली, शेठ! पुन्हा आली, लांबलेली. म्हटलं, बोंबलू दे, माझा शब्द मोडतो काय! दुसरी होडी पायाशीच होती.
संध्याकाळी माणसं टेकडीवर शोधायला गेली. होडी बांधलेली, मासळी सांडलेली, जशीच्या तशी. एलिया नाही.
राहीबाईनं विचारलं, त्येंनी हाक न्हाई मारली? मी म्हणालो, नाही. शेठचे कान लई तिखट हायेत, मारली असती तर ऐकली असती, असं तीच सगळ्यांना सांगत राहिली.

४ मार्च
सगळे म्हणतात, बुडाला. राहीबाई अजून माझी भाकरी आणते. तशीच झाकून ठेवतो.
पाणी पार खाली गेलंय. टेकडीपासून काठापर्यंत चिखलाची वाट उघडी पडली —

७ मार्च
दारापुढं खुरांचे ठसे उमटलेत. इवले. भरली पाटी बाहेर ठेवली. मासळीला शिवल्याही नाहीत.

८ मार्च
भर दुपार. खिडकीखाली शेळ्या उभ्या — बुजत नाहीत. एकीनं तोंड उघडलं. ओरडली. घरामागून दुसरीनं ओ दिली. आता एकमेकींच्या नजरेआड आहेत ना —
बांधावरून राहीबाई. डोक्यावर भाकरी. शेठ, अशी हाक. सगळ्या तिकडं वळल्या.
पुन्हा हाक.
आली ऐकू, राहीबाई. त्या दिवशीही आली होती — एवढं लिहितो आणि कडी काढ—