मॅकरेलसाठी चौदा पॅच

मंगळवार, २ जून १९९८
दुरुस्ती. काल इथे लिहिलं की मॅकरेलला सॉफ्टवेअर-दुरुस्तीचा एकच पॅच लागेल आणि काम अर्ध्या दिवसाचं आहे. दोन्ही चूक. पॅच तीन लागतात, म्हणजे काम दीड दिवसाचं. वहीत खोटं राहायला नको, म्हणून आधी हे.

मॅकरेल आज पुन्हा गोठला. आमच्या सहा सर्व्हरांना माशांची नावं आहेत, पण गोठतो हा एकटाच. फेरीबोटीचं बुकिंग बंद, धक्क्यावर अठरा गाड्या, खिडकीतल्या बायका हाताने तिकिटं लिहीत होत्या. गुनवोर आमची साहेब. म्हणाली, "सुन्निवा, २३ तारखेच्या आत पॅच लाव. त्या दिवशी सांक्तहान्सच्या सणाच्या शेकोट्यांना अख्खी बेटं धक्क्यावर येतात. तेव्हा हा झोपला तर तिकिटं लिहायला तू उभी राहशील. तुझ्या प्रोबेशनचं मग बोलू."
एकवीस दिवस! हसूच आलं.

बुधवार, ३ जून
तिन्ही पॅचचे रीडमी, म्हणजे सोबतची सूचनापत्रं, शेवटपर्यंत वाचले. प्रत्येकात लिहिलंय, आधी अमुक पॅच लावा. अमुकात, आधी तमुक. एक तमुक रद्द झालाय, त्याच्या जागी दुसरा. एकूण अकरा. आता मात्र तळ लागला.
बारा वर्षांची होईपर्यंत मला बाबांनी दीपगृहावर घरीच शिकवलं. त्यांचा पहिला धडा: कागद वाचून संपेपर्यंत वस्तूला हात लावायचा नाही.
शेजारच्या टेबलावरून ओड्डवार म्हणाला, "अगं बाई, तुझं होडीचं पुस्तक वाचून होईपर्यंत मासे म्हातारे होतील." त्याला पद्धत म्हणून नाही. वॉफल मात्र छान करतो.

शुक्रवार, ५ जून
अकराही इंटरनेटवरून उतरवले. नऊ तास. लावले नाहीत, कारण शुक्रवारी सर्व्हरला हात लावणारा शनिवारी कामावर असतो. हे ओड्डवारसुद्धा मानतो.

सोमवार, ८ जून
प्रत्येक फाईलसोबत एक बेरीज दिलेली असते. उतरवलेल्या फाईलची तीच आली तर फाईल शाबूत. अकरांपैकी एकाचीही जुळत नाही.

मंगळवार, ९ जून
पुन्हा उतरवले. पुन्हा तेच चुकीचे आकडे. माझी चूक असती तर दर वेळी वेगळी झाली असती. पॅच फिनलंडमधल्या एका विद्यापीठाकडून घेते, त्यांना पत्र पाठवलं की तुमच्या फायलींत कुणीतरी हात घातलाय. दीड पान, तक्त्यासह. कडक, पण नम्र.

गुरुवार, ११ जून
उत्तर आलं. अख्खं उत्तर असं: "बायनरी मोड लावा."
पहिल्या दिवशी रीडमी आणताना मी उतरवणाऱ्या प्रोग्रामला 'हा मजकूर आहे' असं सांगितलं होतं. ते तसंच राहिलं. तेव्हापासून तो प्रत्येक पॅच मजकूर समजून त्याच्या ओळी वाटेत नीटनेटक्या करत होता. किती कामसू! फिनलंडला आभाराचं पत्र धाडलं. त्यांनी प्रकरण गंभीरपणे घेतलं, हे बरं झालं.

शुक्रवार, १२ जून
अकराच्या अकरा जुळले! टेबलाभोवती गिरकी घेतली, ओड्डवारची कॉफी सांडली. आज शुक्रवार आहे.

सोमवार, १५ जून
दोन पॅचच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. त्यांना आणखी तीन लागतात. चौदा. घाई केली असती तर जुनेच लागले असते ना? मन अगदी प्रसन्न.

गुरुवार, १८ जून
मॅकरेल दोन तास गोठला. चाळीस गाड्या. गुनवोरने विचारलं, लागले का पॅच? म्हटलं, जवळजवळ. "जवळजवळ लागलेली फेरी पाण्यातच असते, सुन्निवा."
संध्याकाळी चौदाही बेरजा तिसऱ्यांदा तपासल्या.

सोमवार, २२ जून
सकाळी दहाला पहिला लावायला घेतला. मॅकरेलने सांगितलं, हा पॅच माझ्या आवृत्तीचा नाही. दुसरा. तोही नाही. चौदाही नाहीत.
ओड्डवारने मागून वाकून एक कमांड दिली. मॅकरेलने एका सेकंदात स्वतःची आवृत्ती सांगितली. माझे सगळे पॅच तिच्या पुढच्या आवृत्तीचे.
"तू त्यालाच विचारलं नाहीस?"
मी मॅकरेलच्या पेटीवरचं आवृत्तीचं लेबल वाचलं होतं. दोनदा. छापील लेबल असताना मशिनला विचारणं म्हणजे आगाऊपणा, असं मला वाटलं. चूक लेबलाची आहे, याची इथे नोंद करते.

बुधवार, २४ जून
काल तिकिटांचं पुस्तक घेऊन दिवसभर धक्क्यावर उभी होते. एकही लिहावं लागलं नाही. सकाळी मी बसमध्ये असताना ओड्डवारने बरोबर आवृत्तीचा पॅच शोधला, उतरवला आणि लावला. जुन्या आवृत्तीला एकच पुरतो. वीस मिनिटं. सगळी बेटं आली, गेली, मॅकरेल एकदाही अडखळला नाही.
गुनवोरने माझं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवलं. मी तिला हवी आहे, हे उघड आहे.
ओड्डवारला विचारलं, रीडमी वाचलास ना? तो म्हणाला, "कुठला?"
बेरीज? "कसली?"
असा न वाचलेला पॅच मॅकरेलवर ठेवून मला चैन पडणार नाही. तो काढायचा, रीडमी शेवटपर्यंत वाचायचा, आणि तोच पॅच रीतसर पुन्हा लावायचा. उद्या वाचन. परवा शुक्रवार. सोमवारी बॅकअपची टेप तपासायची.
पॅच काढायचा मुहूर्त: मंगळवार, ३० जून, सकाळी नऊ वाजता.