वगळायला सांगितलेले तीन उंदीर

दादास धाकटीचा नमस्कार.

तू पाठवलेलं कात्रण मिळालं. 'कर्करोगाचं बटण सापडलं' असं आमच्या प्रयोगशाळेच्या सरांनी वार्ताहराला सांगितलं आणि ते वाचून तू वहिनीसाठी औषध मागितलंस. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झालाय.

बटण आहे, हे खरं. पेशीतलं एक प्रथिन काही जनुकं चालू करतं. त्याने गाठीभोवती सूज राहते आणि लढणाऱ्या पेशी सुस्तावतात. ते प्रथिन अडवल्यावर बऱ्याच उंदरांच्या गाठी आटल्या. पण तिघांची आतडी सुजली आणि ते मेले.

"शोधनिबंधातून तेवढे तीन वगळ," सर बैठकीत म्हणाले.

"आणि माझी वहिनी चौथी निघाली तर?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

सरांनी माझ्याकडून काम काढून घेतलं. मी सगळ्या नोंदी संस्थेच्या चौकशी समितीकडे दिल्या. आता तो निबंध छापायचा थांबलाय. माझी काळजी करू नकोस, जेवते वेळेवर.

वहिनीला अन्न जातं का? सुरू असलेलं औषध चुकवू नका. आमचं हे औषध माणसांसाठी अजून नाही, हे तिला तू सांगू नकोस. रविवारी फोन तिच्या हातात दे, मीच सांगेन.

तुझी,
धाकटी