न चाखलेलं कढण

आई,
तुझ्या पायांवर डोकं ठेवून सांगते, मी मजेत आहे.

ज्या आजींची देखभाल करते, त्यांच्या माहेरचं बार्लीचं कढण काल पहिल्यांदा एकटीने केलं. चाखलं की उष्टं होतं ही तुझी शिस्त, म्हणून तसंच वाढलं. आजींनी वाटी ढकलली. "आमच्यात करणारी आधी घोट घेते. तू का नाही घेतलास? काय कालवलंयस यात?" त्यांची मुलगी दुसरी बाई बघायला फोन घेऊन बाहेर गेली.

मी आजींच्याच चमच्याने घोट घेतला. मीठच राहिलं होतं! मी वाटी उचलणार, तोच आजींनी ती धरून ठेवली आणि चाटूनपुसून संपवली.

मी उष्टं खाऊ घातलं, रागावलीस? बाबांचा खोकला कसा आहे?

आजींची मुलगी अजून माझ्याशी बोललेली नाही. उत्तर याच पत्त्यावर धाड, पण लवकर.

तुझीच,
आगाऊ लेक