टिकटिकणारं पार्सल

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (कमरेमुळे प्रत्यक्षात जमत नाही, पत्रात घालतो). तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला?

सहा वर्षांपूर्वी येऊन गेलीस तेव्हा दुरुस्तीला ठेवलेलं टेबलावरचं घड्याळ अजून का आलं नाही, असं तू विचारलंस. कारण टीव्ही. पार्सलमधून बॉम्ब पाठवत सुटलेल्या एका माणसाचा पोलीस कसा माग काढतात, यावर एका कंपनीने टीव्हीसाठी चित्रपट काढला. त्या माणसाची खोली म्हणून माझी खोली निवडली. नेपथ्यवाल्या बाई दारातच थबकल्या. एक ताट, एक कप, एक खुर्ची, टेबलावर उघडी घड्याळं. म्हणाल्या, "काका, कशालाही हात लावू नका. असा माणूस असाच राहत असणार." (मी आदल्या दिवशी मुद्दाम आवरून ठेवलं होतं.) बाहेरून त्यांनी एकच वस्तू आणली, दुसरी खुर्ची. चौकशीला आलेला इन्स्पेक्टर बसणार कुठे? नटाला बारीक स्क्रू धरता येईना, म्हणून हातही माझेच घेतले.

चित्रपट लागला. दुसऱ्या दिवशी जिन्यात वरच्या मजल्यावरची बाई नवऱ्याला म्हणाली, "अहो, थांबा, त्यांना आधी जाऊ द्या." इतका मान मला या इमारतीत कधी मिळाला नव्हता.

मग तुझं घड्याळ घेऊन पोस्टात गेलो. कारकुनाने पार्सल कानाला लावलं.

"हे टिकटिकतंय."

"दुरुस्त केलंय, म्हणून."

त्याने माझ्या हातांकडे पाहिलं. माझ्यामागची रांग नाहीशी झाली. पोलीस आले, पार्सल उघडलं, घड्याळ निघालं. हवालदाराने स्वतःचं मनगटावरचं काढून दाखवलं, "हे जरा मागे पडतंय हो." कारकून मात्र ऐकेना. "काका, तुमचं पार्सल या खिडकीवर नको."

तेव्हा घड्याळ न्यायला तुलाच यावं लागेल. माझा नाइलाज आहे.

तुझा धाकटा

ता. क. ती दुसरी खुर्ची न्यायला ते विसरले. बसायला बरी आहे. पाठ दुखत नाही.

ता. क. आणखी एक. किल्ली उतरू दिली असती तर पार्सल टिकटिकलं नसतं. चाळीस वर्षं हेच काम करतो, एवढं मला कळतं. पोस्टात जाण्याआधी पूर्ण किल्ली दिली होती. आज पुन्हा दिली आहे. आठ दिवस चालेल.