दादांनी तीन मुलं सांगितली

गुरुवार, सोलापूर

दादांचं ते "तीन की" कानातून जात नाही.

आज त्यांना मृत्युपत्रासाठी वकिलांकडे नेलं. विसरणं फार वाढलंय. डॉक्टर म्हणाले होते, समजतंय तोवर कागद करून घ्या. घर आईच्या नावे व्हावं, एवढंच मला हवं होतं. नाहीतर दादांमागे भाऊबंद तिला राहू देतील का?

वकिलांनी विचारलं, "मुलं किती?"

"तीन की."

आम्ही दोघंच, मी आणि भाऊ वसंता. वकिलांनी पेन खाली ठेवलं. "ताई, यांना समजत नसेल तर मला लिहिता येणार नाही."

सोबत आलेली आई बोलली, "चुकले न्हाईत ते. तीनच झाली. पयली पोर सांगोल्यात गेली, अंगावर पीत असताना."

मला हे कुणीच कधी सांगितलं नव्हतं. कसं लपवलं असेल दोघांनी?

"घर कुणाला?" वकिलांनी पुढं विचारलं.

दादांनी आईकडे बोट केलं. "हिला. माज्यामागं हिला कुणी ऊठ म्हनू नये." साक्षीदारांसमोर त्यांनी सही केली.

रिक्षात मी आईला त्या बहिणीचं नाव विचारलं. दादाच म्हणाले, "रखमा." मग माझ्याकडे निरखून पाहत त्यांनी विचारलं, "तू कुणाची गं?"

"तुमचीच, दादा."