बाबांचे केस आखूड म्हणून आजार नामंजूर केल्याबाबत

प्रति,
मा. निर्णय अधिकारी,
पारा-बाधित व्यक्ती कक्ष, उत्तर विभाग.

विषय: माझे वडील जोसाया लिंकलेटर, वय ७६, यांना पारा-बाधित ठरवून घरी परिचारिका मिळणेबाबत.
संदर्भ: आपले दि. २१ ऑगस्टचे नकारपत्र.

महोदय,

१. धरणाने आमच्या मिस्तिक तळ्याचे पाणी नऊ वर्षांपूर्वी चढवले. बुडालेले रान कुजले, त्यातून पारा बारक्या माशांत गेला, तिथून मोठ्या पाईक माशांत. हे आपल्याच माहितीपत्रात चित्रासह आहे. आमच्यात जाळ्यातला सर्वात मोठा मासा वस्तीतल्या थोरल्या माणसाला देतात. नऊ वर्षे आम्ही तो मानाने बाबांच्या ताटात वाढला. आज त्यांना चहाचा कप तोंडाशी नेता येत नाही.

२. आपल्या सल्ल्यावरून जानेवारीपासून त्यांनी मासा सोडला. जूनअखेर आई वारली. रिवाजाप्रमाणे बाबांनी आपली वेणी मुळापासून कापून तिच्या शवपेटीत ठेवली. आपण चाचणीला बारा सेंटिमीटर केस मागता, डोक्यावर निघाले दोन. खाल्लेला पारा केसात उतरतो आणि केस महिन्याला एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे त्यात दोनच महिने दिसणार, तेही बिनमाशाचे. आपल्या कार्यालयातील बाई फोनवर म्हणाल्या, "अभिनंदन ताई, केस अगदी स्वच्छ आहेत. बारा झाले की परत पाठवा." अहो, बारा होतील तेव्हा बाराही स्वच्छच निघतील. तुमचं ऐकलं म्हणून माणूस कागदावर बरा झाला, हात मात्र थरथरतातच.

३. "ती वेणी मिळेल का?" असेही त्या बाईंनी विचारले. मी बाबांना सांगितले. ते म्हणाले, "ती तुझ्या आईची आहे. साहेबाला म्हणावं, तिलाच जाऊन विचार." मग म्हणाले, "परीक्षा माशाचीच आहे ना पोरी? मग मासा खाऊनच देऊ." मी हसले. ते हसले नाहीत. काल त्यांनी माझ्या भावाला जाळे टाकायला लावले.

४. मी सहावीपर्यंत शिकलेली, बाकीचं आपल्या पत्रांवरून शिकले. डॉक्टरांनी बाबांचे हात पाहून लेखी दिले आहे. केस बाजूला ठेवा, हात बघा. शुक्रवारी जाळे निघेल. सर्वात मोठा मासा थोरल्यांचाच, आणि आमच्या घरी वाढते मी. आपला आदेश चूल पेटण्याआधी यावा.

वाट पाहून थकलेली अर्जदार,
रोडा लिंकलेटर
मिस्तिक तळे वस्ती
दि. ४ सप्टेंबर

सोबत:
१. डॉक्टरांचे पत्र.
२. केस, दोन सेंटिमीटर, पाकिटात.
३. वेणी जोडलेली नाही. ती आईजवळ आहे.