सुभद्रे, हाका मारू नकोस

सुभद्रे,

आहेस तिथे जरा टेक आणि ऐक. सांगतेय मी, लिहितेय माझी सून मंगल. मला अक्षर येत नाही, तुलाही येत नव्हतं. तेव्हा हे तुला वाचून कोण दाखवणार, देव जाणे. तिकडे कोणी शिकलेलं भेटलं असेल तर त्याला धरून बसव. माणसं धरून बसवण्यात तू पटाईत.

आत्ताच का लिहायला लावलं? कारण तू रोज दुपारी येतेस. माझा डोळा लागायचा अवकाश, तू टिकल्यांचं ताट घेऊन दारात उभी. आत येत नाहीस. म्हणतेस, चल गं कौसे, कापड धर. गेलेल्या माणसाने स्वप्नात हाक मारली तर ओ द्यायची नाही, असं माझी आई सांगायची. काल जाग आली तेव्हा मी खाटेवरून एक पाय खाली सोडून बसलेली होते. मग म्हटलं, ओ देण्यापेक्षा पत्र बरं.

आपली पहिली भेट आठवते का? सरकारी दवाखान्यातलं ते लांब बाक. व्यायाम शिकवणारी पोरगी आत एकेकाला बोलवायची आणि आम्ही सगळे लकव्याचे बाहेर ओळीने, वाळत घातल्यासारखे. कोणाचं तोंड वाकडं, कोणाचा पाय ओढलेला. मी पदराने तोंड झाकून बसले होते. तू शेजारी सरकलीस आणि विचारलंस, तुझं कुठलं अंग गेलं? मी म्हटलं, उजवं. तू म्हणालीस, "माझं डावं. मग काय, दोघी मिळून एक धड बाई झालो की." लकवा होऊन पडल्यापासून मी तेव्हा पहिल्यांदा हसले. हसताना लाळ गळली, ती तूच पुसलीस. तुझी बोली परभणीची, माझी खानदेशी. निम्मं तर मला कळतही नव्हतं. पण दोघींची घरं इथे सुरतेत, डिंडोलीतच निघाली आणि त्या दिवसापासून रिक्षा एकच.

त्याआधी माझं काय होतं ते तुला कधी सांगितलं नाही. मी जेवणं कमी केलं होतं. डाव्या हाताने घास तोंडात घालायचा म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मंगल भरवायची, तर मी दात घट्ट मिटायची. मंगल, लिही गं, खोटं आहे का?

आणि मग समोरच्या घरची सत्यनारायणाची पूजा. भटजींनी प्रसाद पुढे केला. माझा उजवा हात मांडीवर मेलेल्या माशासारखा पडलेला, डावा पुढे करायचा कसा? सगळ्या बाया बघत होत्या. तेवढ्यात तुझा उजवा हात माझ्यापुढून गेला. तू म्हणालीस, महाराज, हिचाही यातच द्या, आमचा हात सामाईक आहे. आधी मला भरवलंस, मग स्वतः चाटलंस. आरतीला तुझा उजवा तळवा आणि माझा डावा, अशी टाळी वाजवली आपण. भटजींचा मंत्र चुकला हसण्यात.

त्यानंतर मी जेवायला लागले. डाव्या हाताने, सगळ्यांसमोर.

साड्यांचं कामही तूच ओढून आणलंस. शेठने छापील साड्या द्यायच्या, आपण नक्षीच्या ठिपक्यांवर डिंक लावून टिकल्या बसवायच्या. मी डाव्या हाताने कापड ताणून धरायचं, तू उजव्याने टिकली टेकवायची. तोंडं दोन, ती दोन्ही बाजूंनी चालू. प्लेगच्या साली अख्खी सुरत गाड्यांना लटकून पळाली आणि तू एकटी घराला कुलूप न लावता बसलीस, हे तू मला किती वेळा ऐकवलंस? तेव्हा पळाली नाहीस आणि आता कशी पळालीस गं, न सांगता?

न सांगताच. राग त्याचाच आहे.

तुझी ओळ वाकडी यायला लागली, ते मला दिसत होतं. टिकली ठिपक्याच्या जरा खाली बसायची. मग जास्त खाली. एकदा तर नक्षी सोडून कोऱ्या कापडावर. मी विचारलं तर म्हणालीस, दिवा मंद आहे. दिवा बदलला. मग म्हणालीस, डिंक पातळ आहे. शेठ आला, साडी उलटीपालटी करून म्हणाला, "मासी, आ लाइन वांकी छे." तू त्याचीच चेष्टा केलीस, की तुझी मान वाकडी आहे. आम्ही सगळे हसलो. आणि तेव्हा उजवा हात तू पदराखाली का नेलास, हे तुला एकटीला माहीत होतं.

का लपवलंस? का ते मला ठाऊक आहे. तुझ्या मुलाने बजावलं होतं, पुन्हा काही झालं तर आई, तुला गावी ठेवणार, इथे दोन पाळ्या करून मला जमायचं नाही. गावी म्हणजे पडवीतली खाट आणि बघायला गाय. तिथे कुठलं बाक, कुठली व्यायामाची पोरगी, कुठली मी. तू खाटेला भ्यालीस. आणि एका सकाळी दात घासता घासता मोरीत पडलीस, ती उठलीच नाहीस. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका. आधी खुणा दिसतात, तेव्हाच आणायला हवं होतं.

तुझं तेरावं झालं आणि टिकल्यांचं काम मी घरी घेतलं. आता कापड मंगल धरते, टिकली मी बसवते, डाव्या हाताने. आणि सुभद्रे, माझी ओळ वाकडी येतेय.

मंगल, थांबू नको. लिही.

आधी वाटलं, डाव्या हाताची सवय नाही. मग बोटांना मुंग्या. आज सकाळी चहाची बशी सुटली. मी म्हटलं, मांजर आडवं आलं. आपल्या घरात मांजर कुठलं? आताही जीभ दाताला अडते आहे. माझ्या मुलानेही तेच बजावून ठेवलंय, तुझ्या मुलाने तुला बजावलं तेच. माझीही खाट गावी मोठ्या मुलाच्या ओसरीवर तयार आहे. म्हणून मीही गप्प बसले, तुझ्यासारखीच. आणि तू दारात येऊन म्हणतेस, चल.

इथे मंगलने पेन खाली ठेवलं होतं. मी म्हटलं, रागावलीस का? ती म्हणाली, "आई, तुमची ओळ वाकडी येते हे मला आठ दिवसांपासून माहीत आहे. तुम्ही झोपलात की मी टिकल्या काढून पुन्हा बसवते. शेठ बोलला आणि यांच्या कानावर गेलं, तर हे तुम्हाला गावी सोडून येतील. म्हणून."

ऐकलंस? तू लपवलंस, मी लपवलं आणि ही बया माझंही निस्तरत बसली. मी तिला म्हटलं, अगं, तूही तसलीच निघालीस. ती हसली नाही. चौकातून रिक्षा बोलावली. शेजारच्या पोराला हाक मारून माझ्या मुलाला कारखान्यातून थेट दवाखान्यात यायला सांग म्हणाली. गावाचं काय ते तिथे माझ्यासमोर बोला, असंही सांग म्हणाली. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला आज कळलं.

आता ती मला पुढचं पटपट सांगा म्हणते आहे. रिक्षा आपल्या गल्लीत वळली आहे.

तर वचन देते. दवाखान्यात विचारतील ते सगळं सांगेन, मुंग्या, बशी, जीभ. मांजराचं नाव घेणार नाही. मुलाने गावाचं काढलं तर रडणार नाही, भांडेन. आणि तू दुपारी दारात आलीस तर तोंड फिरवून झोपेन. तुझा राग नाही. पण मी अजून येत नाही. कापड कोणाकडून तरी धरून घे.

तुझी,
कौसा
(अंगठा डाव्या हाताचा. दाबला मीच, पण मंगलने वरून हात धरला, तेव्हा उमटला.)